आले म्हणजे केम

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, म्हणून ते माझ्या वाट्याला आलंच नाही. एबीसीडी मी नातीच्या पुस्तकातून शिकले, तीसुद्धा अर्धीमुर्धी. तरी इंग्रजीचे काळ मला कळतात. वर्तमान, भूत, भविष्य आणि त्यांची पिल्लं. कसे कळले ते सांगते.

माझी सून इंग्रजीची बाई आहे. नायगावकडच्या खेड्यातली पोरगी. बापाने शिकवली, बी.एड. झाली. नांदेडात एका खासगी शाळेत सहा वर्षं तिसरी-चौथीला शिकवलं. सहाही वर्षं तात्पुरती. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेने सांगितलं की पुढच्या वर्षी येऊ नका. कारण सांगितलं नाही, हिने विचारलं नाही. माझा मुलगा लातूरला डाळमिलमध्ये कामाला आहे. तिथे एका खोलीत राहायचा, शनिवारी यायचा, रविवारी जायचा. सून, सात वर्षांची नात आणि मी नांदेडात, विष्णुपुरीच्या रस्त्याला दोन खोल्यांत. लग्न झाल्यापासून ते दोघं एका गावात सलग वर्षभरही राहिले नव्हते.

नोकरी गेल्यावर सुनेने चार ठिकाणी मुलाखती दिल्या. चारही ठिकाणी 'कळवतो' म्हणाले आणि कोणीच कळवलं नाही. एका ठिकाणी तर हसले. सध्या काय करता, असं विचारलं तेव्हा हिच्या तोंडून निघून गेलं, "घरीच मुलांना शिकवून राहिले." समोरचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "मॅडम शिकवून राहिल्या म्हणे." घरी येऊन भाकरी थापता थापता तिने हे सांगितलं, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. त्या दिवसापासून तिने आपलं बोलणं टाकून दिलं. घरातसुद्धा पुस्तकातलं बोलायला लागली. "आत्या, मी भाजी निवडत आहे." "आत्या, नळाला पाणी येत आहे." मला वाटायचं घरात कोणी रेडिओ लावून ठेवलाय.

मग लातूरच्या एका शाळेचं बोलावणं आलं. चौथीच्या वर्गावर पाठ घेऊन दाखवायचा, मागे परीक्षक बसणार. विषय त्यांनीच दिला होता, इंग्रजीतली क्रियापदं आणि त्यांचे काळ. जागा कायमची होती. सुनेने कागद माझ्यापुढे ठेवला.

"हा शेवटचा, आत्या. झालं तर आपण सगळे लातूरला एका घरात राहू. नाही झालं तर पुस्तकं रद्दीत घालते आणि भावाच्या शेतात सोयाबीन काढायला जाते."

ही बाई बोलते तसं करते. म्हणून मला त्या कागदाची भीती वाटली.

आठ दिवस हातात होते. वर्ग नव्हता, म्हणून मी आणि नात वर्ग झालो. लोखंडी कपाटाचं दार हा फळा. सून खडू घेऊन उभी राहायची, मी खाली बसून शेंगा सोलायची.

"आय ईट. मी खाते. हे रोजचं. आय ॲम ईटिंग. मी खात आहे. हे आत्ता चालू असलेलं."

"मी खात आहे असं कोण म्हणतं?" मी विचारलं.

"सगळेच म्हणतात."

"एक जण दाखव मला."

नात दाराशी बसून चुरमुरे खात होती. मी तिला हाक मारली, "काय करून राहिलीस गं?"

"चुरमुरे खाऊन राहिले!"

"ऐकलंस? लेकीला विचारलं तर लेक असं सांगते. तू कोणाला शिकवायला निघालीस?"

"आत्या, ते चुकीचं मराठी आहे."

"चुकीचं? मग मी सत्तर वर्षं काय बोलून राहिले?"

तिने फडकं उचललं. कपाटाकडे तोंड करून पुसलेलंच पुन्हा पुसत राहिली. मी मात्र फळ्याकडे बघत होते. शेंगा सोलायला डोळे लागत नाहीत.

"तुझ्या इंग्रजीत दोन तुकडे हायत," मी म्हणाले. "ॲम आन् ईटिंग. आपल्यातबी दोनच. खाऊन आन् राहिले. खाऊन म्हणजे ईटिंग, राहिले म्हणजे ॲम. फक्त त्यांचं राहिले आधी येतंय."

नातीला हे लगेच कळलं. "आय राहिले खाऊन चुरमुरे!" असं ओरडत ती घरभर फिरली. मग थांबून म्हणाली, "आय ॲम ईटिंग चुरमुरे." कोणी सांगितलं नव्हतं.

सूनही ऐकत होती. खडू तिच्या हातात तसाच राहिला. पण ती म्हणाली, "राहिले हे दिसायला भूतकाळाचं रूप आहे. मुलं गोंधळतील. आणि परीक्षकांसमोर मी असं बोलले तर मला दारातूनच परत पाठवतील. ते हसतात कसे ते तुम्ही बघितलं नाही."

"हसू दे. पोराला कळलं म्हणजे झालं."

"पोराला कळून मी काय करू, आत्या? नोकरी पोरं देत नाहीत."

हे खरं होतं. आणि खरं ऐकलं की मला राग येतो. मी शेंगांचं सूप उचललं आणि आत गेले. त्यानंतर दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो. पाठ मात्र चालू होता.

तिसऱ्या दिवशी गो आणि वेंट आले. सुनेने उदाहरण घेतलं, आय गो टू मार्केट, मी बाजारात जाते. नातीने बोट वर केलं. "घरातून निघताना जाते म्हणायचं नसतं. आजी मारती. येते म्हणायचं असतं. मग तिथं आय कम लिहायचं का?"

सुनेचा चेहरा उतरला. "वर्गात कोणी असं विचारलं तर मी काय सांगू?"

"गो सांग," मी म्हणाले. "हिचा आजोबा येतो म्हणून गेला होता. आला का? शब्दानं काही होत न्हाई."

सुनेने थोड्या वेळाने माझ्यासमोर चहा आणून ठेवला. तिला वाटलं मला वाईट वाटलंय. मी तिला उत्तर देत होते.

पाठाच्या दिवशी आम्ही तिघी सकाळच्या पहिल्या बसने निघालो. नातीला ठेवायला कोणी नव्हतं आणि मी एकटी घरी बसून वाट बघणाऱ्यातली नाही. सुनेने पर्समध्ये आपले खडू घेतले होते, तिथले ओले निघाले तर म्हणून. लोहा येईपर्यंत ती ओठातल्या ओठात पाठ म्हणत होती. अहमदपूरला बस थांबली तेव्हा मी तिला पाणी दिलं. तिने एक घोट घेतला आणि परत पाठ सुरू केला. त्यावर मी जे बोलायला नको होतं ते बोलले.

"अडलीस तर आपलं बोल."

तिने डोळे मिटून घेतले. "आज मला काही सांगू नका, आत्या."

पण सांगून झालं होतं.

लातुरात शिरल्यापासून क्लासेसच्या पाट्या सुरू होतात, हसऱ्या पोरांचे फोटो आणि खाली मार्क. सून त्या पाट्यांकडे बघत नव्हती. शाळा दुमजली होती, स्वच्छ होती. शिपायाने मला आणि नातीला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. बाकामागेच चौथीच्या वर्गाची खिडकी होती. मी मुद्दाम अशी बसले की आतलं दिसावं.

मुलं तीस-पस्तीस असतील. मागच्या भिंतीला तीन खुर्च्या. मुख्याध्यापक, संस्थेचे सचिव आणि बाहेरून बोलावलेल्या एक परीक्षक बाई. बाईंच्या मांडीवर वही होती, पेन उघडं होतं.

सुनेने सुरुवात चांगली केली. फळ्यावर तीन रकाने केले. कम, केम. गो, वेंट. ईट, एट. प्रत्येकासमोर मराठी लिहिलं. केमच्या समोर 'आले'. मग चालू काळ. "मी येत आहे. आय ॲम कमिंग. सर्वांनी म्हणा." सर्वांनी म्हटलं. देवळातल्या आरतीसारखं म्हटलं, म्हणजे तोंडाने. मला कळत होतं की पोरांच्या डोक्यात काही उतरत नाही. तिलाही कळत होतं, कारण तिचा आवाज वर वर चालला होता. परीक्षक बाईंनी एकदा घड्याळ बघितलं.

तेव्हा सुनेने पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारला. "तू अंगणात खेळतेस. आई आतून हाक मारते. तू तिला इंग्रजीत काय म्हणशील?"

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची एक मुलगी ताडकन उठली.

"आय केम!"

"नाही बाळा. आय ॲम कमिंग."

"पण टीचर, मम्मीनं हाक मारली की मी आले म्हणते."

"हो, पण..."

"आले म्हणजे केम. तुम्हीच लिहिलंय."

सगळ्यांनी फळ्याकडे बघितलं. तिथे तसंच लिहिलं होतं, सुनेच्याच अक्षरात. पोरगी चूक नव्हती. आपल्याकडे जागचं न हलता माणूस 'आले' म्हणतं. 'हे गेलो आन् हे आलो' म्हणणारा अजून दारात असतो. 'मेले गं बाई' म्हणणारी चांगली जिवंत असते. न झालेलं काम झालं म्हणून सांगायची आपली जुनी सवय आहे, आणि ती मुलगी त्या सवयीचं सरळ इंग्रजी करत होती.

सुनेने डस्टर उचललं आणि तसंच खाली ठेवलं. परीक्षक बाईंचं पेन चालायला लागलं. मुख्याध्यापकांनी सचिवांकडे बघितलं. मी हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते, बोट निळं पडलं तेव्हा कळलं. मनात म्हणत होते, आता आपलं नको बोलू. माझं नको ऐकू. आठ दिवस जे मी तिला करायला सांगत होते ते तिने करू नये असं मला तेव्हा वाटलं. पुस्तकातलं काहीतरी सांग, खाली बसव त्या पोरीला आणि पुढे चल. घर हातातून चाललं होतं.

सुनेने खिडकीकडे बघितलं. मी मान फिरवली.

"बरं," ती मुलीला म्हणाली. "आईने हाक मारली तेव्हा तू कुठे होतीस?"

"खेळत."

"उठलीस का?"

"लगेच कुठं? डाव राहतो ना."

पोरं हसली.

"मग आलीस का?"

"नाही."

"आणि म्हणालीस, आले. मग आईशी खोटं बोललीस?"

मुलीला हे लागलं. तिने वेणी मागे टाकली. "खोटं कसं टीचर? मी येऊनच राहिले की!"

मी बघत होते. सून फळ्याकडे वळली. केमच्या रकान्यात काहीच केलं नाही. खाली मोकळ्या जागेत मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मी येऊन राहिले.' खडू मोडला, तिने दुसरा घेतला. 'येऊन'खाली रेघ मारून कमिंग लिहिलं, 'राहिले'खाली रेघ मारून ॲम लिहिलं. मग दोन बाण काढून त्यांची अदलाबदल केली.

"इंग्रजीवाल्यांचं राहिले आधी येतं," ती म्हणाली. माझंच वाक्य होतं.

मग वर्ग सुटला. म्हणजे पळाला नाही, बोलायला लागला. "टीचर, मी बसून राहिलो! आय ॲम सिटिंग!" "टीचर, हा मला चिमटा काढून राहिला, ही इज..." "पिंचिंग," सून म्हणाली. "ही इज पिंचिंग!" मग एकीने विचारलं, काल मी जेवून राहिले होते त्याला काय म्हणायचं. सुनेने सांगायच्या आधी मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "ॲमचं वॉज कर!" हे त्यांना आधीपासून पाठ होतं, पण वापरायचं कुठे ते आत्ता कळलं.

"आजी, हे तर आपलं हाय," नात मोठ्याने म्हणाली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

परीक्षक बाई उठून उभ्या राहिल्या. वर्ग शांत झाला.

"मॅडम, ही भाषा फळ्यावर?"

सुनेचे दोन्ही हात खडूने पांढरे झाले होते. ती म्हणाली, "भाषा मुलांची आहे, मॅडम. काळ बरोबर आहे."

बाई खाली बसल्या. वहीत काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं. घंटा झाली.

त्यानंतर तिला अर्धा तास आत ऑफिसात बसवलं. बाहेर आली तेव्हा तोंडावरून काही कळेना. मी विचारलं, काय म्हणाले. ती म्हणाली, "सचिव म्हणाले, कळवलं म्हणून समजा."

"म्हणजे कोणता काळ?"

"माहीत नाही, आत्या."

मुलगा मिलमध्ये पाळीवर होता, म्हणून त्याला न भेटताच आम्ही बस पकडली आणि परत आलो. बसमध्ये ती झोपली. मी जागी होते. 'कळवतो' म्हणणाऱ्यांनी कळवलं नव्हतं. हा तर कळवून मोकळा झाला होता.

चार दिवस गेले. तिने फोन पदराआड ठेवला नाही की हातातही धरला नाही, पिठाच्या डब्यावर ठेवला, म्हणजे वाजला तर ऐकू यावा. शनिवारी मुलगा आला, नातीने त्याला दारातच सगळं सांगितलं. त्याने तिला काही विचारलं नाही, मला विचारलं.

"तिथं तसलं बोलायला तू शिकवलंस का तिला?"

"हाव."

"मायबाई, तुला काय करायचं होतं इंग्रजीशी? तुझी चौथी, तिचं बी.एड."

"चौथीलाच शिकवायचं होतं," मी म्हणाले.

तो हसला नाही. मीही हसवायला बोलले नव्हते. सून आतून म्हणाली, "त्यांना काही बोलू नका. फळ्यावर मी लिहिलं." मग तिने कपाटावरचं आठ दिवसांचं सगळं लिहिलेलं ओल्या फडक्याने पुसून काढलं आणि पुस्तकं एका पोत्यात भरली. पोतं दाराशी ठेवलं. रद्दीवाला सोमवारी येतो.

सोमवारी सकाळी ती भाकरी करत होती. मी पोत्याजवळच बसले होते. रद्दीवाल्याची हाक गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली आणि त्याच वेळी पिठाच्या डब्यावर फोन वाजला. तिने कोपराने बटण दाबलं, फोन खांद्याला लावला. मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं.

"हो. बोलतेय... हो सर... नाही, त्या मॅडमनी? ... त्या मॅडमनी लिहिलं असं? ... कधीपासून? आज म्हणजे, नांदेडहून..."

मग ती थोडा वेळ ऐकत राहिली. पिठाच्या हाताने भिंत धरली. भिंतीवर बोटं उमटली, ती आम्ही खोली सोडली तेव्हाही तिथेच होती.

"आले सर," ती म्हणाली. "आलेच."

फोन ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. रद्दीवाला दारात येऊन उभा होता आणि पोत्याला हात घालत होता. मी पोतं आत ओढलं.

"कुठं आलीस?" मी तिला म्हणाले. "लातूर तीन तासांवर हाय. आधी तव्याकडं बघ, भाकर करपून राहिली."